तांबडीचा पंप

गाड्यांना अजून वाचा होती, त्या काळची गोष्ट. शिवाप्पा मिस्त्रीच्या गॅरेजात निळी आणि तांबडी अशा एकाच कंपनीच्या दोन जुन्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. निळीचा पाण्याचा पंप गेलेला, तांबडीचा गिअर. कंपनीनं दोन्ही बनवायचंच सोडून दिलेलं. मिस्त्रीनं सगळा बाजार पालथा घातला, पण कुठं काही मिळालं नाही.

"आता एकीचं काढून दुसरीला लावायचं," असं म्हणत तो पाना घेऊन उठला.

निळीनं घाबरत विचारलं, "तांबडे, कुणाकडं येतोय गं तो?"

"तूच बघ बाई. माझे दिवे कधीच गेलेत."

देवा, तिच्याकडंच जाऊ दे, निळी मनात म्हणाली. आणि मिस्त्रीनं खरंच तांबडीचं बॉनेट उघडलं.

"घाबरू नको गं," तांबडी निळीलाच म्हणाली. "पंप चांगलाय माझा. खड्ड्यात जरा कुरकुरतो, तेवढं सांभाळून घे."

निळीला तोंड वर करवेना.

निळी पुन्हा रस्त्याला लागली. पण खड्डा दिसला की ती आपसूक हळू होते. लोक म्हणतात, थकली बिचारी. पोटात कुरकुर झाली की निळी पुटपुटते, "हो गं बाई, सांभाळूनच नेते."