कापणं ते कापणं

एका गावात एक नवा पाटील होता. नवा म्हणजे अगदी कोरा! नाव रंगराव. पाटीलकी हाती येऊन महिना झाला नाही, तोच सगळ्यांना सांगत सुटला, "मी माणूस बघून चोर ओळखतो. कापला की समजावं, हाच!"

एके दिवशी देवीची नथ हरवली. रंगरावाने गाव चावडीपुढे गोळा केलं आणि एकेकाला पुढे बोलावलं. म्हाताऱ्या मैनाजी गुरवाची पाळी आली. त्याचे हात थरथरत होते.

"कापरं भरलंय याला! हाच चोर!" रंगराव ओरडला.

"अहो पाटील, कापरं भरतं ते भीतीनं," गुरवाची बायको धुरपदा म्हणाली. "यांचे हात दहा वर्षं असेच हलतात. म्हातारपणाचा कंप आहे तो."

"शब्दांचा कीस नको. कापणं ते कापणं! उद्या देवीचं निर्माल्य नदीत सोडायच्या आधी देवळाची किल्ली माझ्या हातात द्यायची."

चाळीस वर्षांची सेवा गेली! रात्री मैनाजी जेवलाही नाही.

निर्माल्य सोडायचा मान पाटलाचा, आणि त्याआधी नदीत बुडी मारायची गावाची रीत. दिवस पौषातले. मैनाजीने किल्ली रंगरावाच्या हाती ठेवली. ती कनवटीला खोचून रंगरावाने बुडी मारली आणि वर आला तो दातांवर दात आपटतच! निर्माल्याची टोपली हातात घेतली, तर तीही गदगदा हलायला लागली.

"अगं बाई!" धुरपदा मोठ्यानं म्हणाली. "पाटील लटलटा कापतायत. म्हणजे नथ यांनीच घेतली!"

घाटावर हशा पिकला.

"ही हु... हु... हुडहुडी आहे!"

"असं होय? काल तर कापणं ते कापणं होतं."

रंगराव संतापला. आता थंडीने कापत होता की रागाने, त्याचं त्यालाच कळेना. टोपली आणखी हलली आणि सुकलेल्या शेवंतीतून काहीतरी टणकन घाटाच्या दगडावर पडलं. देवीची नथ! हार उतरवताना ती त्यातच अडकून आली होती.

रंगरावाचा चेहरा पडला. त्याने कनवटीची किल्ली काढली आणि म्हाताऱ्यापुढे धरली. देणारा हात कापत होता, घेणारा हातही कापत होता. किल्ली दोघांच्या मध्ये खुळखुळ वाजत राहिली.

मैनाजी हसून म्हणाला, "पाटील, आता हे कापणं कसलं?"

"लाजेचं, बाबा. चुकलो मी."

"मग हरकत नाही. त्याला औषध लागत नाही."

तात्पर्य: माणूस कापताना दिसला तर आधी कशानं कापतो ते विचारावं, न विचारता बोट दाखवणाऱ्याचंच बोट शेवटी कापतं.