बकुळीची कोरी साल

देवळाच्या बागेत शिरताना दोन्ही अंगाला दगडी पार लागले ना, त्यातल्या उजव्या पारावर बकुळ आहे. डावा मोकळा. बकुळीच्या खोडाला गेरू-चुन्याचे पट्टे आहेत, पण तळहाताएवढी साल कोरी ठेवलेली. हात लावून बघा. बसा निवांत, सांगतो.

फार मागं दोन्ही पारांवर बकुळी होत्या म्हणे. बाग इनामदारांच्या आईसाहेबांनी लावलेली, राखायचा सोनबा माळी. आईसाहेब चैत्रातल्या उत्सवाला आल्या की देवीच्या आधी बकुळींना भेटत.

एका चैत्रात डाव्या बकुळीच्या खोडातून काळं पाणी पाझरायला लागलं. सोनबाची बायको ठकू म्हणाली, "अवो, कुजल्यालं खरवडून काढा, मग गेरू लावा."

"उत्सव तोंडावर आलाय. खरवडलं तर खड्डा दिसंल. आईसाहेब काय म्हंतील?"

"अन् झाड काय म्हनंल?"

सोनबानं कुजलेल्यावरच गेरूचा जाड हात दिला.

आईसाहेब खूश झाल्या. चारचौघांत त्याला पागोटं बांधलं. असं सांगतात, की तेव्हापासून सोनबा डाव्या पाराकडं बघायचं टाळायचा. उत्सव झाल्यावर खरवडू, असं त्याच्या मनात होतं. पण आता गेरू काढायचा तर पागोटं कशाबद्दल मिळालं तेही सांगावं लागणार. आजचं उद्यावर गेलं. पावसाळ्यात एकदा त्यानं खोडाला हात टेकला, तर गेरूच्या आत बोटं बुडाली. त्याच आठवड्यात वाऱ्यानं बकुळ आडवी झाली, फुलांसकट.

पुढच्या चैत्रात उजव्या बकुळीलाही पाझर फुटला. या खेपेला सोनबा आईसाहेबांची वाट बघत थांबला. भरल्या उत्सवात, त्यांच्या डोळ्यांदेखत, विळ्यानं कुजकी साल खरवडत गेला, निरोगी लाकूड लागेपर्यंत. खरवडता खरवडताच डावीचं सगळं सांगून टाकलं.

आईसाहेब बराच वेळ मोकळ्या पाराकडं बघत राहिल्या म्हणे. मग म्हणाल्या, "सोनबा, मी झाडाला भेटायला येत होते रे. रंगाला नव्हे."

सोनबानं पागोटं उतरवलं. शेणमाती लिंपली, पागोटं फाडून त्यावर बांधलं. बकुळ जगली. सोनबाच्या डोक्यावर मात्र पुन्हा कुणी फडकंसुद्धा पाहिलं नाही.

आजही चैत्रात माळी उघड्या डोक्यानं गेरू लावतो आणि तेवढी साल सोडतो. डाव्या पारावर कुणी रोप लावत नाही. उजवीची फुलं वाऱ्यानं तिकडं जाऊन पडतात. ती आम्ही झाडत नाही.