नगराध्यक्षांच्या नावाचे चार फलक

किन्हेरी शहरातलं नाट्यगृह वीस वर्षं बंद होतं, आणि त्याच्यामागोमाग भोवतालची बाजारपेठही ओस पडली होती. शेवटी बांगड्या विकणाऱ्या इंदुताई कासार यांनी पदर खोचला. त्यांनी दारोदार फिरून वर्गणी जमवली, सुतारांनी रविवारी येऊन खुर्च्या फुकट दुरुस्त केल्या, आणि दिवाळीतल्या नाटकाची तारीखही ठरली.

राहिली फक्त परवानगीच्या कागदावर नगराध्यक्ष ढमाले यांची सही. ते म्हणाले, "दारात माझ्या नावाचा संगमरवरी फलक लावा, मगच सही."

वर्गणीदार भडकले. इंदुताई मात्र शांतपणे म्हणाल्या, "एकच कशाला साहेब, चार लावते. पडदाही तुमच्याच हातून उघडू."

साहेब खूश झाले. जागच्या जागी सही झाली.

उद्घाटनाला सगळं शहर लोटलं. ढमाल्यांनी ऐटीत दोरी ओढली. पडद्यामागे चार जुने संगमरवरी दगड ओळीने बसवले होते. प्रत्येकावर मजकूर तोच, 'या नाट्यगृहाच्या दुरुस्तीचा शुभारंभ, नगराध्यक्ष ढमाले यांच्या शुभहस्ते.' तारखा तेवढ्या वेगळ्या, चार निवडणुकांच्या आदल्या महिन्यांतल्या.

लोकांनी वाचलं आणि हसू आवरेना.

"माझी चेष्टा करता काय, बाई?" साहेब दातओठ खात म्हणाले.

"छे हो. दगड तुमचे, त्यावरची अक्षरंही तुमचीच. मागच्या गवतात पडले होते, आम्ही फक्त धुऊन लावले. पाचव्याचा खर्च मात्र आता करू नका, साहेब. दुरुस्ती झाली."