तर्कत्यागी

"त्याचा अर्थ काय रे, रतनगिर?"

"तर्कत्यागी, बाबा. ज्यानं तर्क टाकला तो. बुद्धीला विचारून जो पाऊल उचलत नाही, तो."

रतनगिरनं मान ताठ ठेवून सांगितलं. उमेदगिर बाबांपुढं मान ताठ ठेवणारा शिष्य त्या मठानं आजवर पाहिला नव्हता. पण आजचा दिवस रतनगिरचा होता. पलीकडच्या टेकडीवर नवा मठ बांधून तयार होता. गादी अंथरलेली होती. त्या गादीवर तो बसणार होता आणि त्याच्या नावामागं 'तर्कत्यागी' ही पदवी लागणार होती. मात्र गावाच्या देखत गुरूनं ती आपल्या तोंडानं उच्चारली, तरच ती खरी. गावकरी त्यासाठीच वाजतगाजत डोंगर चढत होते. सनई इथवर ऐकू येत होती.

बाबा धुनीपाशी बसून चिमट्यानं शेणी सारख्या करत होते.

"अर्थ कळला. आता वापर सांग."

"वापर?"

"शब्द आहे, तर कुठंतरी लागत असेल. का नुसता मिरवायला?"

ते रतनगिरला बोचलं. पण तो हसला. त्याच्याजवळ उत्तर तयार होतं.

"परवा शाळेच्या मास्तरांनी भर पारावर मला गाठलं. अंगाऱ्यानं ताप कसा उतरतो, पटवून द्या म्हणाले. मी म्हटलं, मास्तर, बुद्धीनं खरंखोटं कळतं, हे तुम्हाला कशानं कळलं? बुद्धीनंच ना? मग ज्याच्यावर खटला, त्यालाच पंच नेमलंत की! माणसं खो खो हसली. तेव्हाच गावानं ठरवलं, हाच आमचा तर्कत्यागी."

"वा!" बाबा म्हणाले. "तर्क झकास केलास."

रतनगिरच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"तो शेवटचा, बाबा. मास्तरांना त्यांच्याच हत्यारानं पाडलं आणि हत्यार तिथंच टाकून आलो."

"टाकलंस?"

"टाकलं."

"बरं..."

बाबांनी मूठभर राख घेतली आणि शेणींवर पसरली. मग आणखी एक मूठ. धूर बारीक झाला... आणि सरला.

रतनगिर चरकला. या मठाची रीत पायथ्याच्या लहानथोरांना ठाऊक होती. माथ्यावर धूर दिसला, तर बाबा मठात आहेत, खुशाल चढा. बाबा कुठं बाहेर निघाले, की निखारे राखेखाली झाकून निघायचे. धूर नाही, तर बाबा नाहीत, उगाच पाय झिजवू नका. पिढ्यान्‌पिढ्या माणसं या धुराकडं बघूनच चढत-उतरत आली होती.

"बाबा, हे काय? तुम्ही तर इथंच आहात."

"आहे की."

"माणसं अर्ध्या वाटेत आहेत."

"असू देत."

सनई थांबली.

रतनगिर कड्याकडं धावला. खाली वळणावर मिरवणूक थबकली होती. एकानं कपाळाशी हात धरून माथ्याकडं पाहिलं. दुसऱ्यानं पाहिलं. माना हलल्या, हात हलले... आणि सगळे फेटे माघारी फिरले.

"अहो, थांबा! बाबा आहेत! वर आहेत!"

वारा समोरून होता. हाक त्याच्याच तोंडावर परत आली. बघता बघता वळण मोकळं झालं.

तो धावतच धुनीपाशी परत आला.

"माझी माणसं गेली, बाबा. आता पदवी कुणाच्या देखत देणार?"

"तुझी माणसं? तर्क टाकलेली?"

रतनगिरनं वळून कड्याकडं पाहिलं.

"धूर बघून आली. धूर नाही बघून गेली. असली कसली रे तुझी माणसं?"

"कच्ची आहेत अजून. अडाणी आहेत."

"आणि तू पक्का."

"मी पक्का."

"सकाळी तू तुझ्या टेकडीवरून निघालास. मी मठात आहे, हे तुला कसं कळलं?"

नव्या मठाच्या ओसरीत उभं राहून, डोळे बारीक करून या माथ्यावर काय शोधलं होतं, ते रतनगिरला चांगलं आठवत होतं.

पण रतनगिर सहजासहजी मान खाली घालणारा गडी नव्हता. तो उभाच राहिला. त्यानं झाकल्या धुनीकडं बघितलं, बाबांकडं बघितलं... आणि एकाएकी त्याचा चेहरा उजळला. त्यानं मांडीवर थाप मारली.

"बाबा! अहो, तुम्ही तर माझीच बाजू धरलीत! धूर नाही म्हणून बाबा नाहीत, असं त्यांच्या बुद्धीनं त्यांना सांगितलं. आणि बाबा इथं माझ्यासमोर बसलेत, धडधडीत! फसली का नाही बुद्धी? डोळ्यांदेखत फसली! त्यावरून..."

तो थांबला.

राखेखाली एक निखारा चुरचुरला.

बाबांनी चिमटा खाली ठेवला आणि कान पुढं केला.

"बोल ना, रतनगिर. त्यावरून काय?"