पारवीचा तोबरा

"मग तिला रानात सोडून देऊ? का भाला घालून एकदाचं मोकळं करू? तुम्हीच सांगा, बाबा."

 अमृतगीर गोसावी मठाच्या ओट्यावर बसून दोर वळत होते.

सुभानराव शिलेदार अंगणातच उभा राहिला. त्याची पारवी घोडी फाटकाजवळच्या बाभळीला बांधली होती. अंगानं सुरेख, राखी रंगाची. भीमेच्या दोन्ही तीरांवर तिच्यासारखी घोडी नाही, असं तो चारचौघांत सांगायचा. आणि आता तिच्या जवळ जायची कुणाची छाती होत नव्हती.

पावसाळाभर मोहीम नव्हती. घोडी दाराशीच होती. आधी ती लाथा झाडायला लागली. मग चावायला लागली. पान हललं तरी उधळायची. परवा तिनं गेनू मोतद्दाराला भिंतीशी दाबलं आणि त्याचा हात मोडला. गेनूनं तिला शिंगरू असल्यापासून वाढवलं होतं.

"मारलंस तिला?" गोसाव्यांनी विचारलं.

सुभानरावानं मान खाली घातली. "चाबूक ओढला. हात मोडलेला बघून माझं डोकं फिरलं."

"बरं. खायला काय घालतोस?"

या प्रश्नावर मात्र त्याची मान वर झाली.

"त्यात कसूर नाही, बाबा. सकाळी भिजलेला हरभरा. दुपारी गूळ-तुपाचा मलिदा. संध्याकाळी पुन्हा हरभरा, वर बाजरीचे उंडे. माझ्या घरात माणसं खात नाहीत, असं ती खाते."

"आणि गवत?"

"गवत…" सुभानराव हसला. "गवत तट्टं खातात. पारवी कशाला खाईल?"

गोसाव्यांनी दोर बाजूला ठेवला. ते सावकाश फाटकाकडे गेले, घोडीपासून चार हात दूर थांबले आणि बोट दाखवलं.

पारवी बाभळीची साल सोलून खात होती. काट्यांनी तिचे ओठ रक्ताळले होते.

"खोडच आहे तिला," सुभानराव म्हणाला. "तबेल्याचा खांबसुद्धा कुरतडून ठेवलाय."

"खोड नाही. भूक आहे."

"भूक? एवढं खाऊन?"

"पोट भरलंय. दात उपाशी आहेत."

सुभानरावानं घोडीच्या तोंडाकडे पाहिलं.

"घोडं दिवसभर चरणारं जनावर," गोसावी म्हणाले. "चघळत राहिलं की त्याचा जीव थाऱ्यावर राहतो. तू हिला घटकाभरात संपणारं लढाईचं खाणं घालतोस आणि खुंट्याला बांधून ठेवतोस. अंगात पेटलेलं ते जिरवायचं कुठं तिनं? … गेनूच्या हातावर जिरवलं."

सुभानरावाला हे पटलं नाही. गावात परतून ऐकवलं असतं तर लोक हसले असते. पण दसरा जवळ आला होता, मोहिमेवर निघायचं होतं, आणि ही घोडी तशी नेली असती तर तिनं एखाद्याचा जीवच घेतला असता. तो मठात राहिला.

गोसाव्यांनी मलिदा बंद केला. हरभरा मात्र एकदम तोडला नाही. रोज मूठ मूठ कमी करत आणला. "एकदम बदललं की पोटात कळ येते," एवढंच म्हणाले. नदीकाठच्या माळावर लांब दोरावर तिला सोडायचं, मारवेल गवत चरू द्यायचं, ऊन उतरलं की चालवून आणायचं. हे सगळं सुभानरावानंच करायचं.

सुरुवातीला ती त्याच्यावर कान पाडायची. चाबूक ती विसरली नव्हती. तो दूर बसून राहायचा.

हळूहळू कान उभे राहिले. डोळ्यांतलं पांढरं दिसेनासं झालं. एका सकाळी चरता चरता ती त्याच्याजवळ आली आणि त्याच्या खांद्यावर नाक टेकवून तशीच चघळत उभी राहिली. हिरवा, ओला वास आला. सुभानराव हलला नाही.

मग तो उठला, मठात गेला, आणि चामड्याचा तोबरा काठोकाठ हरभऱ्यानं भरून घेऊन आला.

वाटेत गोसावी उभे होते.

"कशाला?"

"शहाणी झाली, बाबा. आज तरी तिला पोटभर…"

"सुभानराव. हा तोबरा तू कुणासाठी भरतोस?"

"घोडीसाठी."

 गोसावी वाटेतून सरकले नाहीत.

सुभानरावाच्या हातातला तोबरा जड होत गेला. शेवटी त्यानं तो खाली ठेवला आणि त्याच्याशेजारीच मातीत बसला.

"उन्हाळ्यात मोहिमेवरून परतत होतो," तो म्हणाला. "मुलूख जळालेला. गवताची काडी नाही, दाणा नाही. ही नुसता सापळा झाली होती. मला ताप होता, मी हिच्या पाठीवर. माझा धाकटा भाऊ लिंबाजी लगाम धरून पायी चालत होता… त्याच्या वाटणीचे हरभरे तो हिला घालायचा. मला कळू द्यायचा नाही. घरापाशी आलो आणि तो वेशीतच कोसळला. पुन्हा उठला नाही."

"काही बोलला?"

"म्हणाला, दादा, हिला उपाशी ठेवू नको."

नदीवरून वारा आला. माळावर पारवी मान खाली घालून चरत होती. दातांचा कर्र कर्र आवाज इथवर ऐकू येत होता.

"त्याला शब्द दिलाय मी," सुभानराव म्हणाला. "रोज तोबरा भरतो तेव्हा वाटतं, त्याच्याच ओंजळीत घालतोय. तो कमी कसा करू, बाबा? ओंजळ रिकामी कशी ठेवू?"

 अमृतगीरांनी वाकून तोबऱ्यातला मूठभर हरभरा काढला आणि सुभानरावाच्या हातात दिला. दुसऱ्या हातात आपल्या कमरेचा विळा दिला.

"हे तू खा," ते म्हणाले. "त्याची ओंजळ आता गवतानं भर. ऊठ… गवतावरचं दव वाळलं."