गुहेतले आठ दिवस

डोंगराला अजून पायवाट फुटली नव्हती, त्या काळची ही गोष्ट. धबधब्यामागच्या गार गुहेचे हिस्से कोल्हा विकत असे. उन्हाने होरपळलेली साळिंदरीण एकदा तिथे आली.

"दहा कंद दे," कोल्हा म्हणाला, "दर वैशाखात आठ दिवस गुहा तुझी. कायमची!"

"एखाद्या वर्षी पिल्लं लहान असली, यायला जमलं नाही तर?"

"तर ते दिवस गेले. डागडुजीचा एक कंद मात्र दर वर्षी द्यायचा."

"आणि मी मेल्यावर?"

"तुझी पिल्लं देतील की!"

साळिंदरीण विचारात पडली. बाहेर उन्हात एक मुंगूस बसला होता. तिने त्याला विचारलं, "दादा, गुहेत कसं वाटतं?"

"राहतोय कुठे, ताई? माझे आठ दिवस आजपासूनच आहेत. पण बापाने घेतलेला हा हिस्सा कुणी विकत घेतं का, ते बघत तीन वर्षं इथेच बसतोय."

तिने एक कंद त्याच्यापुढे ठेवला. "विकत नको. या आठ दिवसांचं भाडं म्हणून चालेल?"

मुंगूस काही कंद खात नाही. तरी त्याने तो हसत उचलला आणि यंदाच्या डागडुजीचा म्हणून कोल्ह्यापुढे नेऊन ठेवला.