पेनावरचं नाव

औषध स्वस्त विकणं हा आपल्याकडे गुन्हाच म्हणायचा. मिरजेच्या पद्मा शेडबाळे आपल्या छोट्या कारखान्यातली रक्तदाबाची गोळी एका बड्या कंपनीच्या निम्म्या भावात विकायच्या. तीनदा तपासूनही गोळी चोखच निघाली, तरी परवाना रद्द करायचं ठरलं आणि मंत्र्यांनी त्यांना दालनात बोलावलं.

"आमच्यावर कुणाचा दबाव नाही हं, बाई. जनतेच्या आरोग्याचा प्रश्न आहे," म्हणत मंत्र्यांनी खिशातलं पेन काढलं. त्यावर त्याच बड्या कंपनीचं नाव चमकत होतं.

पद्माताई म्हणाल्या, "करा सही, साहेब. फक्त स्वतःचं नाव घालू नका, पेनावरचं घाला. हुकूम कुणाचा ते तरी जनतेला कळेल."

मंत्री चपापले. सचिवांनी लगबगीने आपलं पेन पुढे केलं.

त्यावरही तेच नाव होतं. सही त्यानेच झाली.